पुण्यात फ्रीलान्स वादकांसोबत वाद्यवृंद चालवताना : नव्या आयोजकांसाठी

पुण्यात हिंदी-मराठी गाण्यांचा ग्रुप काढायचं ठरवलं तर गायक आठवड्यात जमतात. अडतं ते वादकांपाशी. स्टेजवर निभावून नेणारा कीबोर्डवाला, ढोलकी आणि तबला दोन्ही वाजवणारा माणूस, ऑक्टोपॅडवर (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) गाण्याचा मूळ ठेका ओळखून पॅच, म्हणजे त्याला साजेसे आवाज, लावणारा वादक, बासरीवाला असे लोक शहरात मोजकेच आहेत, आणि ते कुठल्याच एका ग्रुपचे नाहीत. आज तुमच्याबरोबर, उद्या दुसऱ्या ग्रुपबरोबर, रविवारी सकाळी कुणाच्या तरी अभंगांच्या कार्यक्रमाला. त्यातल्या अर्ध्यांची दिवसा नोकरी असते, उरलेले क्लास घेतात.

पहिल्या वर्षात बहुतेक आयोजकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, वादक बेभरवशाचे आहेत. काही असतातही. पण हा माणूस तारखेवर जगतो. महिन्यातल्या तारखा हा त्याच्या कमाईचा मोठा भाग. तारीख, पैसे आणि गाण्यांचे कागद या तीन गोष्टी आयोजकाने नीट हाताळल्या, तर याच शहरातले हेच वादक वेळेवर येतात आणि जीव ओतून वाजवतात. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये वादकांना काय सांगायचं यापेक्षा आपण काय करायचं हेच जास्त आहे.

आधी पंचांग, मग फोन

पुण्यातल्या वादकांचं वर्ष महिन्यांवर चालत नाही, सणांवर चालतं. आषाढीच्या सुमारास अभंगांचे कार्यक्रम. पाऊस सुरू झाला की नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि तरुण तालवादकांच्या संध्याकाळी तिकडे जातात. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत एकेका वादकाला दिवसाला दोन-दोन सुपाऱ्या असतात. मग नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, तिच्याबरोबर संगीत संध्या आणि रिसेप्शन. डिसेंबरात कंपन्यांची स्नेहसंमेलनं आणि एकतीस तारीख.

या दिवसांसाठी आठवडाभर आधी फोन केलात तर चांगला वादक मिळणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. गणेशोत्सवाच्या तारखा निदान दोन महिने आधी बोलून ठेवा. दिवाळी पहाटेसाठी तर वादकाला त्याची आदल्या रात्रीची तारीखही विचारा. पहाटेच्या कार्यक्रमाला तो रात्री साडेतीन-चारला वाद्यं घेऊन घरातून निघणार असतो. आदल्या रात्री बारापर्यंत दुसरीकडे वाजवून आलेला माणूस भूपाळीला कसा साथ देणार?

गणपती गेले की येणारा पितृपक्षाचा पंधरवडा मात्र आपल्यासाठी सोन्यासारखा आहे. समारंभ जवळपास बंद असतात, वादक मोकळे असतात. नवी गाणी बसवणं, नव्या माणसाला आजमावणं, जुन्या गाण्यांची दुरुस्ती, सगळं याच पंधरा दिवसांत करून घ्या.

माणसं निवडताना

सगळा ग्रुप फ्रीलान्स ठेवू नका. निदान दोन माणसं आपली हवीत, एक कीबोर्ड आणि एक तालवाद्य. आपली म्हणजे पगारी नव्हे. या दोघांना तुम्ही प्रत्येक कार्यक्रमाला आधी विचारता आणि तेही तुम्हाला आधी तारीख देतात, एवढा शब्द दोन्ही बाजूंनी पाळला गेला तरी पुरे. गाण्यांचा साचा या दोघांच्या हातात राहतो, बाकीचे बदलले तरी कार्यक्रम कोसळत नाही.

उरलेल्या प्रत्येक जागेसाठी दोन नावं वहीत हवीत. दुसरं नाव संकटात शोधायचं नसतं. त्याला आधीच एखाद्या छोट्या कार्यक्रमाला, सोसायटीच्या कोजागरीला वगैरे बोलवा, पूर्ण मानधन द्या आणि तुमची गाणी त्याच्या हातून एकदा जाऊ द्या. मोठ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मुख्य वादकाला ताप आला तर हाच माणूस उभा राहतो.

वादक निवडताना हात किती फिरतो याच्या आधी तो ऐकतो किती ते पाहा. गायकाने अंतरा चुकून लवकर उचलला तर जो नुसतं कीबोर्डवाल्याकडे बघून सावरून घेतो, तो वादक सोडू नका. एकट्याने सुंदर वाजवणारे पुष्कळ असतात, साथीत स्वतःचा आवाज आपणहून कमी करणारे थोडे.

तारीख पक्की करणं

सगळी चिडचिड इथून सुरू होते, म्हणून इथे वेळ घालवा. फोनवर ‘बारा तारीख बघ हं’ म्हणणं म्हणजे तारीख घेणं नव्हे. तुम्हाला वाटतं सांगितलं, त्याला वाटतं नुसतं विचारलं. दहा दिवसांनी त्याने ती दुसऱ्याला दिलेली असते आणि दोघेही खरे असतात.

तारखेचे दोन प्रकार करा, राखलेली आणि पक्की. ग्राहकाशी बोलणी चालू आहेत तोवर ती राखलेली. त्या काळात दुसरं काम आलं तर वादकाने तुम्हाला एक फोन करायचा आणि तुम्ही त्याच दिवशी हो की नाही सांगायचं. ग्राहकाची आगाऊ रक्कम हातात आली की तारीख पक्की, आणि तसा लेखी निरोप जायचा. कार्यक्रम फिसकटला तर तोही निरोप तासाभरात गेला पाहिजे. हे आयोजक विसरतात. वादक तुमच्यासाठी शनिवार अडवून बसतो आणि गुरुवारी त्याला कळतं की कार्यक्रम केव्हाच रद्द झाला होता. पुढच्या वेळी तो तुमची तारीख कशाला राखेल?

पक्क्या तारखेचा निरोप असा असावा :

‘शनिवार, १२ डिसेंबर. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, कोथरूड. हजेरी ३.३०, साउंड चेक ४.१५, कार्यक्रम ५.३० ते ८.३०. मानधन ५,००० रुपये, कार्यक्रम संपल्यावर लगेच. एक रिहर्सल, तिचे ८०० वेगळे. कपडे काळे. तबला काळी एक आणि काळी चार, दोन्ही लागतील. उद्या रात्री ९ पर्यंत हो-नाही कळवा.’

एवढ्यात सगळं आलं. (काळी एक, काळी चार म्हणजे गाणं ज्या सुरावर बसवायचं त्या पट्ट्या, त्यांचं पुढे येतंच.) हा निरोप प्रत्येकाला वेगळा पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या निरोपाला अंगठा दाखवून लोक विसरतात.

आता सगळ्यात दुखरी जागा. पक्की तारीख दिलेला वादक चार दिवस आधी म्हणतो, ‘दादा, मोठं काम आलंय.’ कुठल्या नावाजलेल्या गायकाचा दौरा असतो, दुप्पट पैसे असतात. रागावून तो थांबणार नाही, आणि थांबला तरी मन लावून वाजवणार नाही. म्हणून हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा : सोडायचं तर बदली वादक त्यानेच द्यायचा, तो तुमच्या ओळखीतला असायचा, आणि गाण्यांचे कागद व रेकॉर्डिंग त्याच्यापर्यंत पोहोचवायची जबाबदारी सोडणाऱ्याची. बदली वादकाला पैसे तुम्ही थेट द्यायचे, मधे कुणी नको. दोन दिवसांच्या आत मात्र आजारपण किंवा घरची अडचण सोडून काहीही चालणार नाही, हे स्पष्ट बोला. वर्षात दोनदा असं करणाऱ्याला पुढे पक्की तारीख देऊ नका. भांडण करायचं नाही, नुसतं नाव वहीत दुसऱ्या क्रमांकावर न्यायचं.

यावरची बोलणी फोनवर, एकट्याशी. ग्रुपवर कुणाला सुनावलंत तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत शहरातल्या सगळ्या वादकांना कळलेली असते. हे वर्तुळ फार लहान आहे.

पैसे

समजा ग्राहकाशी ७५,००० रुपयांत ठरलं. साउंड आणि लाइटचे २०,०००, टेम्पो आणि खाण्यापिण्याचे ५,०००. उरले ५०,०००. सहा वादक, तीन गायक आणि निवेदक मिळून दहा जण. प्रत्येकी ५,००० दिले की ग्रुपच्या हातात शून्य. हे आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत, पण नव्या ग्रुपचं गणित नेमकं असंच संपतं. मग रिहर्सलची खोली, तुटलेली केबल, पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात, सगळं खिशातून जातं आणि वर्षभरात आयोजक थकतो. म्हणून रक्कम सांगतानाच ग्रुपचा वेगळा हिस्सा धरा, निदान दहा टक्के. हा हिस्सा आहे हे वादकांना माहीत असू द्या. लपवलेल्या पैशाची कुजबुज होते, सांगितलेल्या पैशाची होत नाही.

ग्राहकाकडून निम्मी रक्कम तारीख पक्की करताना आणि उरलेली कार्यक्रम सुरू होण्याआधी. घरगुती समारंभात हे मागायला संकोच वाटतो, पण रात्री साडेअकराला पाहुण्यांच्या गर्दीत यजमानांना शोधत फिरणं त्याहून अवघड. कंपन्यांचं वेगळं आहे. तिथे पैसे बिल दिल्यावर, टीडीएस (आगाऊ कर) कापून आणि कधी महिना-दीड महिन्याने येतात. वादकाला मात्र त्याच रात्री मिळाले पाहिजेत. म्हणजे एका कार्यक्रमाच्या मानधनाएवढी रक्कम ग्रुपच्या खात्यात कायम पडून हवी. ती जमेपर्यंत कंपन्यांची कामं घेऊ नका, किंवा उशीर होणार असेल तर तारीख घेतानाच वादकाला सांगा आणि त्याला नाही म्हणायची मोकळीक द्या.

रिहर्सलचे पैसे द्या. थोडे द्या, पण द्या. ज्या संध्याकाळी तो तुमच्याकडे रिहर्सलला येतो त्या संध्याकाळी त्याचे दोन क्लास बुडतात. फुकटच्या रिहर्सलला माणूस उशिरा येतो, लवकर जातो आणि मधे फोन बघतो.

सगळ्यांना सारखं मानधन द्यायचं की अनुभवाप्रमाणे, यावर मतं वेगळी आहेत. माझं मत, अनुभवाप्रमाणे द्या. पण कुणाला किती हे कुणी विचारलं तर खोटं बोलू नका. ‘तुझ्याएवढेच त्याला’ हे वाक्य पुढच्याच कार्यक्रमात उघडं पडतं, कारण ते दोघे एकाच रिक्षातून घरी जातात.

गाण्यांचा कागद

वादक तयारी करून येत नाहीत ही तक्रार खरी आहे. पण त्यांना दिलेलं काय असतं? आदल्या रात्री पाठवलेली वीस गाण्यांची नुसती नावं. त्याच गाण्याची मूळ ध्वनिमुद्रिका, रिअॅलिटी शोमधलं रूप, कुणीतरी केलेलं अनप्लग्ड रूप, सगळी त्याला सापडतात. तो एक ऐकून येतो, गायक दुसरं.

प्रत्येक गाण्याला एक पान करा. वर गाण्याचं नाव, गायक, पट्टी, ताल आणि लय. खाली क्रम : सुरुवातीचं म्युझिक किती मात्रांचं, मुखडा किती वेळा, पहिलं म्युझिक, म्हणजे अंतऱ्याआधीचा वाद्यांचा तुकडा, कोण वाजवणार (बासरी की कीबोर्ड), अंतरा, पुन्हा मुखडा, शेवट कसा, म्हणजे तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर थांबणं), मुखड्याची ओळ तीनदा की हळूहळू थांबत. कॉर्ड त्याच पानावर. सोबत ज्या रेकॉर्डिंगवरून बसवायचं त्याचीच लिंक. हे सगळं किमान आठ दिवस आधी.

पट्टीबद्दल जास्त लिहितो, कारण स्टेजवरचे निम्मे गोंधळ इथले असतात. पानावर कानाला जी ऐकू येणार तीच पट्टी लिहा, आणि दोन्ही प्रकारे लिहा : काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी पाच म्हणजे जी, काळी चार म्हणजे जी शार्प. कारण असं होतं की कीबोर्डवाला ट्रान्स्पोझचं बटण (दाबलेल्या पट्टीपेक्षा वरचा किंवा खालचा आवाज काढणारं) वापरून सोप्या पट्टीत बोटं ठेवतो आणि विचारल्यावर ‘सी’ सांगतो, प्रत्यक्षात आवाज सी शार्पचा असतो. बासरीवाला सीची बासरी काढतो आणि पहिल्याच स्वराला सगळं बेसूर. शिवाय एका गाण्याचा ट्रान्स्पोझ पुढच्या गाण्याला तसाच राहतो. गाणं संपलं की ट्रान्स्पोझ शून्यावर, ही सवय कीबोर्डवाल्याला लावाच.

गायकाने ऐन वेळी ‘आज घसा बसलाय, अर्धा स्वर खाली घेऊ’ म्हटलं तर कीबोर्डला काही पडत नाही. तबल्याला पडतं. एक तबला एखाद-दुसऱ्या स्वरापेक्षा फार वरखाली नेता येत नाही, म्हणून तबलावादक पट्टी बघून दोन-तीन तबले घेऊन येतो. बासरीवाल्यालाही प्रत्येक पट्टीला वेगळी बासरी लागते. त्यामुळे पट्टी बदलायची शेवटची मुदत रिहर्सल, हे गायकांना बजावा. गाण्यांचा क्रम लावतानाही काळी एकची गाणी एकत्र आणि काळी चारची एकत्र ठेवता आली तर ठेवा. तबलजीला दर गाण्याला तबला बदलावा लागत नाही आणि निवेदकाला रिकामा वेळ भरावा लागत नाही.

कार्यक्रमात हार्मोनिअम असेल तर कीबोर्ड आणि गिटार तिच्याशी जुळवून घ्या. पेटीचे सूर जागेवर बदलता येत नाहीत, कीबोर्डचे येतात. पावसाळी हवेत तबला-ढोलकी उतरते, वातानुकूलित सभागृहात चढते, म्हणून मधल्या गाण्यांना सूर लावायला एक मिनिट धरून ठेवा.

रिहर्सल

एकच पूर्ण रिहर्सल मिळणार हे धरून चाला. गायकांची तयारी आधीच कीबोर्डवाल्याबरोबर वेगळी करून घ्या, पट्ट्या तिथेच ठरवा. वादक समोर बसलेले असताना गायकाने शब्द शोधत बसणं हा वादकांचा अपमान आहे.

पूर्ण रिहर्सलला गाणी अथपासून इतिपर्यंत वाजवू नका. सुरुवात, म्युझिकचे तुकडे, ताल बदलतो ती जागा आणि शेवट, एवढं पक्कं करा आणि पुढे जा. तीन तासांत वीस गाणी अशीच होतात. शुक्रवारी संध्याकाळी रिहर्सल ठेवू नका. हिंजवडीहून सुटलेला माणूस कोथरूडला कधी पोहोचेल हे त्यालाही सांगता येत नाही. रविवारची सकाळ सगळ्यात बरी.

कार्यक्रमाचा दिवस

नाट्यगृहांत सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रं असतात. तुमच्या आधी नाटक असेल तर त्यांचा सेट उतरेपर्यंत स्टेज तुमचं नाही, आणि साउंड चेकला जेमतेम तास मिळतो. त्यासाठी स्टेजचा नकाशा साउंडवाल्याला आदल्या दिवशी द्या : कोण कुठे बसणार, कुणाला किती माइक, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या लाइन किती, मॉनिटर (कलाकाराकडे तोंड केलेला स्पीकर) कुणापुढे. साउंड चेकला आधी तालवाद्यं, मग बेस आणि कीबोर्ड, मग सुरांची वाद्यं, शेवटी गायक. तालवादकाला मॉनिटरमध्ये गायकाचा आवाज हवाच. तो नसला की लय पळते आणि दोष वादकावर येतो.

एका डब्यात जादा केबल, जॅक, अडॅप्टर, नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, चिकटपट्टी आणि तबल्याची हातोडी कायम भरलेली ठेवा. हे सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात एका फेरीत मिळतं.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते. ते दिवस आधी जाहीर होतात, त्यात आपली तारीख आहे का ते बघून घ्या. नसेल तर शेवटचं गाणं पावणेदहाला सुरू झालं पाहिजे. मैदानावरची दिवाळी पहाट असेल तर ध्वनिक्षेपक सहानंतरच, हे यजमानांना आधीच सांगा. परवानगी कुणी काढायची, आणि चित्रपटगीतं जाहीर कार्यक्रमात सादर करण्यासाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं शुल्क गोळा करणारी संस्था) परवाना कुणी घ्यायचा, हे कोटेशनमध्येच लिहा. लग्नाशी निगडित समारंभांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, तिकिटाच्या कार्यक्रमाला नाही.

आणि जेवण. वादक दुपारी तीनला आलेत, रात्री अकराला निघणार आहेत. लग्नात पंगत उठल्यावर उरलंसुरलं त्यांना वाढलं जाणार असेल तर तुम्ही मधे पडा. यजमानांशी जेवणाची वेळ आणि जागा आधी ठरवा. हे ज्याने एकदा पाहिलं तो वादक तुमची तारीख सहसा सोडत नाही.

ग्राहक पळवणं, पिऊन येणं, आणि बाकीचं

तुमच्या कार्यक्रमात वाजवणारा वादक मध्यंतरात यजमानांना स्वतःचं कार्ड देतो. हे होतं, आणि फार लागतं. सुरुवातीलाच सांगून ठेवा की आमच्या कार्यक्रमात मिळालेली ओळख आमच्याकडे आली पाहिजे. त्याच्यामुळे तुम्हाला काम मिळालं तर त्याला त्याचा हिस्सा द्या, आपणहून. तरीही कुणी तसं केलं तर एकदा समोरासमोर विचारा. दुसऱ्यांदा बोलवू नका.

पिऊन आलेल्याला स्टेजवर चढवू नका, कितीही मोठा वादक असला तरी. एक वाद्य कमी घेऊन कार्यक्रम होतो. त्या रात्री त्याच्याशी वाद नको, दुसऱ्या दिवशी बोला.

ज्येष्ठ वादकांना सूचना देणं अवघड जातं. तुम्ही तिशीतले, समोरचे काका चाळीस वर्षं वाजवत आलेले. त्यांना ‘असं वाजवा’ म्हणू नका, ‘काका, इथे गायकाला जरा मोकळं हवंय, काय करू या?’ असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा तुमच्या कल्पनेपेक्षा चांगलं येतं. तरुणांना मात्र थेट सांगा, त्यांना गोल गोल बोललेलं कळत नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वेगळा फोन किंवा निरोप करा. काय छान झालं ते नेमकं सांगा, एखाद्या म्युझिकच्या जागेचं नाव घेऊन. कुठे अडलं तेही त्याच दिवशी विचारा, पानावर पेन्सिलीने दुरुस्ती करा आणि नवं पान सगळ्यांना पाठवा. रेकॉर्डिंग असेल तर त्यांना द्या, त्यांनाही पुढची कामं मिळवायला ते लागतं. आणि त्याच फोनवर पुढच्या दोन महिन्यांत तुमच्याकडे राखलेल्या तारखा कोणत्या आहेत ते वाचून दाखवा.